पाठीवरची ‘वहिनी’ : जोडीदाराच्या पूर्वजांचा शोध

१/
१८६२ साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे नाव यमुना. तीन वर्षांनी, १८६५ साली, कल्याणला जोशींच्या घरी आणखी एक यमुना जन्मली. महाराष्ट्र आज या दोघींनाही ओळखतो, पण यमुना या नावाने नव्हे. पहिली रमाबाई रानडे झाली आणि दुसरी डॉ. आनंदीबाई जोशी. लग्नाच्या एका दिवसात दोघींची माहेरची नावे व्यवहारातून नाहीशी झाली.

२/
या दोघींचे जुने नाव आपल्याला कळते, कारण रमाबाईंनी आठवणी लिहिल्या आणि आनंदीबाईंविषयी इतरांनी लिहिले. ज्यांच्याविषयी कोणी काहीच लिहिले नाही, अशा लाखो यमुनांचे काय झाले? आजचा धागा त्यांच्याविषयी आहे. आपल्या पतीच्या किंवा पत्नीच्या पूर्वजांचा शोध जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे यांच्या आधारे कसा घ्यावा, हे त्यात पाहू.

३/
आपल्या घराऐवजी जोडीदाराचे घराणे का निवडावे? आपल्या घरातील कथा आपण बालपणापासून ऐकतो. त्या आपल्याला पुराव्याशिवायच खऱ्या वाटतात. सासरी अथवा सासुरवाडीला मात्र आपण मोठ्या वयात जातो. तेथील ‘मोठे आजोबा’ कोण आणि ‘धाकटी काकू’ कोणाची, हे आपल्याला विचारूनच घ्यावे लागते. घरच्यांना जे विचारण्यासारखे वाटत नाही ते आपण विचारतो. इतिहासकाराची भूमिका याहून वेगळी नसते.

४/
उदाहरण म्हणून माझ्या पत्नीच्या आजोळचे एक छायाचित्र घेतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला समूहफोटो आहे. त्यात नऊ माणसे असून मागे रंगवलेला पडदा आहे. पुढे जमिनीवर पाच-सहा वर्षांचा एक मुलगा बसला आहे. हे पत्नीचे आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील. पाठीवर पेन्सिलीने बालबोध लिपीत नावे लिहिली आहेत. पुरुषांची पूर्ण नावे आहेत. मधोमध खुर्चीवर बसलेल्या तरुण स्त्रीपुढे मात्र एकच शब्द आहे : ‘वहिनी’.

५/
पहिला प्रश्न काळाचा. भारतात छायाचित्रणाचे तंत्र १८४० च्या सुमारास आले आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित छायाचित्रकारांपैकी एक होते. त्यानंतरच्या दशकांत छोटे ‘कार्त द व्हिझित’ आणि त्याहून मोठे ‘कॅबिनेट कार्ड’ हे दोन आकार लोकप्रिय झाले. पुठ्ठ्याचा आकार, त्याच्या कडा आणि स्टुडिओचा ठसा यांवरून काळाचा पहिला अंदाज बांधता येतो.

६/
दुसरा पुरावा पोशाखाचा. पगडी, रुमाल, काळी गोल टोपी, गांधी टोपी. डोक्यावरचे वस्त्र काळ सांगते, आणि कित्येकदा विचारही. आमच्या छायाचित्रात एका तरुणाने गांधी टोपी घातली आहे. ही टोपी १९२० च्या असहकार चळवळीच्या काळात घरोघरी पोहोचली. म्हणजे हे छायाचित्र त्यापूर्वीचे असणे फारच अवघड. मुलाच्या जन्मपत्रिकेत शके १८४१ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौष-माघ-फाल्गुनाच्या आसपास ७९). म्हणजे जन्म १९१९ च्या सुमाराचा आणि छायाचित्र साधारण १९२५ चे.

७/
येथे सनांविषयी थोडे सांगायला हवे. जुन्या मराठी कागदांत एकाच पानावर तीन-तीन कालगणना भेटतात. शकासाठी ७८ किंवा ७९ मिळवावे. पेशवाईतील कागदांवरच्या सुहूर सनासाठी ५९९ किंवा ६००. दख्खनी फसलीसाठी ५९० किंवा ५९१. सुहूर व फसली वर्षे मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आरंभी, बदलत. कोणता सन आहे हे न पाहता आकडेमोड केली, तर पणजोबा आपल्या वडिलांच्या आधी जन्मतात!

८/
तिसरा पुरावा रंगाचा, जो कृष्णधवल छायाचित्रात दिसतच नाही असे आपण समजतो. जुन्या काचा व फिल्म यांवरील रसायनाला लाल रंग जवळजवळ जाणवत नसे. त्यामुळे लाल ते काळे उमटे. उलट निळा रंग फिकट दिसे. कपाळावरचे कुंकू अशा छायाचित्रांत ठळक काळे दिसते. म्हणून विवाहित वयाच्या स्त्रीचे कपाळ कोरे दिसले, तर ‘फोटोत कुंकू उठले नसेल’ असे म्हणून पुढे जाऊ नये. ते कपाळ काही सांगत असते. आमच्या ‘वहिनी’च्या कपाळावर काळी चिरी स्पष्ट आहे.

९/
हाताने रंगवलेल्या छायाचित्रांबाबत मात्र सावध राहावे. तेथील लुगड्याचा हिरवा रंग रंगाऱ्याच्या मनातलाही असू शकतो. आणखी एक प्रकार घरोघरी दिसतो : भिंतीवरच्या मोठ्या तसबिरीतील पणजी. पुष्कळदा ती एखाद्या समूहफोटोतून तिच्या निधनानंतर काढून, मोठी करून, ब्रशाने सुधारून घेतलेली असते. तसबीर पाहिली की मूळ समूहफोटो शोधावा. तिच्या शेजारी कोण बसले होते, हे तेथे सापडते.

१०/
आता पाठीवरच्या मजकुराकडे वळू. तो पुरावा आहे, पण निर्णय नव्हे. १८८५ साली फिलाडेल्फियात काढलेले आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली यांचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. त्याखाली तिघींच्याही नावामागे ‘डॉक्टर’ आहे. आनंदीबाईंना पदवी १८८६ मध्ये मिळाली आणि इतर दोघींना त्याहूनही नंतर. सबात यांच्या नावाचे पहिले अक्षर चुकले आहे. आनंदीबाईंच्या गावाच्या जागी कल्याण नसून बंगालमधील श्रीरामपूरचा अपभ्रंश आहे, कारण प्रवासास निघण्यापूर्वी त्यांचे बिऱ्हाड तेथे होते. इतक्या प्रसिद्ध छायाचित्राची ही कथा, तर आपल्या घरच्या फोटोचे काय?

११/
म्हणून मजकूर वाचताना विचारावे : हे कोणी लिहिले, आणि कोणाच्या नात्याने? ‘काकू’, ‘ताई’, ‘वहिनी’ ही नावे नव्हेत. लिहिणारा कोठे उभा आहे हे सांगणाऱ्या त्या खुणा आहेत. पत्नीच्या आजोळी सर्वांची समजूत अशी होती, की हे टिपण आजोबांच्या काकांनी केले असावे आणि ‘वहिनी’ म्हणजे त्यांच्या कोणा थोरल्या भावाची बायको. परंतु आजोबांची जुनी पत्रे शेजारी ठेवली, तेव्हा अक्षर त्यांचेच निघाले. मग पाच वर्षांच्या त्या मुलाची ‘वहिनी’ कोण?

१२/
उत्तर एकत्र कुटुंबाच्या बोलण्यात आहे. जुन्या वाड्यांत मुले आपल्या वडिलांना ‘दादा’, ‘भाऊ’, ‘नाना’ म्हणत आणि आईला ‘वहिनी’ म्हणत. कारण घरातले काका-आत्या तिला तशीच हाक मारीत आणि मूल तेच उचले. म्हणजे खुर्चीवरची ती स्त्री त्या मुलाची आई असण्याची शक्यता निर्माण झाली. पण घरात ‘आजोबांची आई’ म्हणून जिची तसबीर होती, ती बाई दिसायला निराळी होती.

१३/
येथे जन्मपत्रिका पुन्हा कामी आली. पारंपरिक पत्रिकेच्या आरंभीच्या संस्कृत मजकुरात वडिलांच्या नावाबरोबर, ज्या भार्येच्या कुशीतून अपत्य जन्मले तिचेही नाव लिहिण्याचा प्रघात आहे. आपण ग्रहांचे कोष्टक पाहतो आणि हा मजकूर वाचत नाही. आजोबांच्या पत्रिकेतील आईचे नाव घरात कोणालाच ओळखीचे नव्हते. तसबिरीतल्या बाईंचे नाव वेगळे होते.

१४/
मग पितृपक्षातील यादी सापडली. महालय श्राद्धात वडिलांकडील तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजी, आईचे वडील, आईची आई, सासरे असे अनेक जण नावागोत्रासह उच्चारले जातात. ज्या घरांत हा विधी होतो, तेथे ही यादी गुरुजींच्या सोयीसाठी वहीत लिहून ठेवलेली असते. स्त्रियांची इतकी नावे एकत्र देणारा दुसरा घरगुती कागद क्वचितच मिळेल. आजोबांच्या हस्ताक्षरातील यादीत ‘माता’ या शब्दापुढे पत्रिकेतले नाव होते. ‘सापत्न माता’ या शब्दांपुढे तसबिरीतले.

१५/
शेवटचा दुवा गावच्या दप्तरात होता. जन्म-मृत्यूची नोंद ‘गाव नमुना नं. १४’ मध्ये होत असे. यालाच पुष्कळ ठिकाणी कोतवाल बुक म्हणतात. १९२६ सालच्या एका ओळीत पणजोबांच्या बायकोच्या मृत्यूची नोंद आहे. ‘अमक्याची बायको’ एवढेच. तिचे स्वतःचे नाव नाही. म्हणजे एका कागदाने तारीख दिली, दुसऱ्याने नाव दिले, तिसऱ्याने नाते दिले आणि छायाचित्राने चेहरा दिला. चारांपैकी एकही एकट्याने पुरेसा नव्हता.

१६/
तसबिरीतल्या बाईंवर, म्हणजे सावत्र आईवर, यात अन्याय होऊ नये. सहा-सात वर्षांच्या पोरक्या मुलाला त्यांनी वाढवले, आणि तो त्यांना आयुष्यभर आई म्हणाला. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राजवळ एक लहानसा टाक दिसतो. वारलेल्या पहिल्या पत्नीच्या नावाने दुसरीने गळ्यात टाक घालण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक घराण्यांत होती. त्याला ‘सवतीचा टाक’ म्हणत. १९२५ च्या फोटोतील ‘वहिनी’च्या गळ्यात तो नाही. घराने जिचे नाव विसरले, तिची खूण दुसऱ्या एका स्त्रीने जन्मभर गळ्यात वागवली होती.

१७/
आता आपल्या शोधासाठी व्यापक साधने पाहू. पहिले साधन वतन व इनामांचे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. तो सिद्ध करायचा तर मूळ पुरुषापासून वंशावळ द्यावी लागे. पुढे १८७४ चा वतन कायदा आला आणि वारसांच्या नोंदी चालू राहिल्या. पाटील-कुलकर्ण्यांप्रमाणेच महार वतनासारख्या गावकामगार वतनांचेही कागद आहेत. ही कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. ज्या घरांना ‘आमचा लेखी इतिहास नाही’ असे वाटते, त्यांनी ही दप्तरे आवर्जून पाहावीत.

१८/
यातील जुने कागद मोडीत आहेत. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात असे कोट्यवधी कागद आहेत. घरातल्या पेटीत मोडीचा कागद निघाला, तर तो ‘कसलीशी जुनी पावती’ म्हणून टाकू नये. मोडी काही महिन्यांच्या सरावाने वाचता येते. तोपर्यंत सपाट जागेवर ठेवून, समोरून आणि पाठीमागून, त्याची स्वच्छ प्रतिमा घ्यावी. चिकटपट्टी लावू नये, घडीवर घडी घालू नये आणि प्लास्टिकमध्ये बंद करू नये.

१९/
दुसरे साधन तीर्थक्षेत्रांचे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, हरिद्वार, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची गाव व घराण्यानुसार नोंद असते. त्यासाठी आडनावाबरोबर मूळ गाव ठाऊक हवे. वसई आणि गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या उपयोगी पडतात. त्यांत आई-वडील दोघांचीही नावे असतात, शिवाय धर्ममाता-धर्मपित्यांची, म्हणजे पुष्कळदा जवळच्या नातलगांचीच.

२०/
तिसरे साधन सैन्याचे. कोकण, सातारा, कोल्हापूर भागातील असंख्य घरांतून माणसे दोन्ही महायुद्धांत गेली. जे परतले नाहीत त्यांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने ठेवल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या पुष्कळ नोंदींत शिपायाच्या आई-वडिलांचे, पत्नीचे आणि गावाचे नाव आहे. एखाद्या खेड्यातील स्त्रीचे नाव गावच्या दप्तरात मिळणार नाही, पण त्या यादीत मिळेल, असे घडू शकते.

२१/
चौथे साधन दत्तकपत्रांचे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली दत्तक गेले आणि कोल्हापूरचे शाहू महाराज झाले. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक गेले आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड झाले. राजघराण्यांतच हे होई असे नाही. वतन टिकवण्यासाठी साध्या घरांतही दत्तक होत. वंशावळीतला एखादा मुलगा अचानक दिसेनासा झाला, तर तो वारला असेच धरू नये. तो दुसऱ्या घराच्या वंशावळीत दुसऱ्या नावाने भेटू शकतो.

२२/
पाचवे साधन सर्वांत रूक्ष, आणि माझ्या मते सर्वांत बोलके. ते म्हणजे जमिनीचे फेरफार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला. आरंभीच्या वारसनोंदींत मुली जवळजवळ दिसत नाहीत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या मिळकतीत वारस झाली आणि फेरफारात मुलींची नावे, सासरचे आडनाव व गाव यांसह येऊ लागली. पत्नीच्या आजीचे माहेर असेच एका फेरफारातून सापडले.

२३/
पण त्या फेरफाराच्या पुढचा कागद कोणता असतो? हक्कसोडपत्र. ‘आमचा हिस्सा आम्ही राजीखुशीने भावांना सोडत आहोत’, अशा आशयाचे, खाली बहिणींचे अंगठे किंवा सह्या असलेले. त्यात प्रत्येक बहिणीचे वय, राहण्याचे गाव आणि पतीचे नाव नोंदलेले असते. घराण्याच्या छापील कुलवृत्तान्तात मुलीची शाखा तिच्या लग्नापाशी थांबते. तिचा ठावठिकाणा राखला तो, जेथे तिने आपला हक्क सोडला त्या कागदाने. जोडीदाराच्या घराण्याचा शोध घेणाऱ्याने ही गोष्ट केवळ ‘पुरावा मिळाला’ म्हणून ओलांडू नये.

२४/
म्हणून माझी सूचना आहे : वंशवृक्ष काढताना प्रत्येक स्त्रीसाठी तीन रकाने ठेवावेत. जन्मनाव, लग्नानंतरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव. आनंदीबाई कर्वे यांचे पहिले नाव गोदावरी, आणि ‘बाया कर्वे’ हे घरातले. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका होत्या. तीन रकाने नसतील, तर एक स्त्री तीन स्त्रिया होते किंवा तीन स्त्रिया मिळून एक होतात.

२५/
आणखी एक पथ्य. हे घराणे आपले नाही, आपल्या जोडीदाराचे आहे. पहिले लग्न, विधवेचा पुनर्विवाह, दत्तक, जमिनीचा वाद असे काही हाती लागले, तर ते प्रथम घरातील ज्येष्ठांना सांगावे आणि त्यांना वेळ द्यावा. चारचौघांत मांडण्याचा निर्णय त्यांचा असावा. आजोबांच्या आईचे नाव पत्नीच्या घरच्यांना कळले आहे. ते नाव त्यांचे आहे, म्हणून या धाग्यात मी ते लिहिलेले नाही.

२६/
आरंभ कोठून करावा? पेटीतले कागद कोठे जाणार नाहीत, माणसे जातात. म्हणून घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून करावा. तिच्यापुढे वंशवृक्षाचा तक्ता ठेवू नये, एक छायाचित्र ठेवावे. ‘हे कोण?’ याबरोबर ‘तुम्ही यांना काय म्हणत होता?’ हेही विचारावे. उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि खाली आपले नाव व तारीख घालावी. उद्या कोणी तरी आपलेही अक्षर ओळखण्याचा प्रयत्न करणार आहे.

२७/
तुमच्या पणजीचे माहेरचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर येत्या पितृपक्षाची वाट न पाहता आजच घरी विचारा. आणि कोणत्या कागदात ते मिळाले, तेवढे या धाग्याखाली अवश्य लिहा. नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. कागदाचा प्रकार कळला, तरी पुढच्या शोधणाऱ्याला वाट मिळेल.